छातीच्या मधोमध

गुरुवारी दुपारी मी डबा धुऊन स्टाफरूममध्ये परत आले, तर अक्षदा माझ्या टेबलापाशी उभी होती. आनंदाची अक्षदा. आनंदा आमच्या कॉलेजचा शिपाई, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीपर्यंतचा. आणि ही त्याची मुलगी, तिसऱ्या वर्षाला, माझ्याच समाजशास्त्राच्या वर्गात. बापाचं दिवसकार्य उरकून ती त्या आठवड्यात पहिल्यांदाच कॉलेजला आली होती. मला वाटलं फीच्या सवलतीचं काही असेल, हजेरीचं असेल. मी चेहऱ्यावर योग्य ते भाव आणायला सुरुवातही केली होती. तिनं सॅकमधून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. कागद म्हणजे प्रमाणपत्र. 'मूलभूत जीवरक्षण व सीपीआर प्रशिक्षण कार्यशाळा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल', खाली डावीकडे प्राचार्यांची सही, उजवीकडे संयोजक म्हणून माझी. 'मॅडम, हे परत घ्या,' ती म्हणाली. 'आणि माझं नाव काढून टाका त्या यादीतून.' मी 'अगं, बस तर' म्हणेपर्यंत ती गेलीसुद्धा. पलीकडच्या टेबलावर पेपर तपासत बसलेल्या बाईंनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लाल पेन चालवायला लागल्या.

प्रमाणपत्र मी फाडायला घेतलं. खोटं का सांगू, पहिला विचार तोच आला, की कुणी विचारायच्या आत फाडून टाकावं. पण ते लॅमिनेट केलेलं होतं, आणि लॅमिनेट केलेला कागद फाटत नाही. वाकतो, चरचरतो आणि पुन्हा सरळ होतो. ऑगस्टमध्ये आम्ही अशी एकशे शहाऐंशी प्रमाणपत्रं वाटली. बाकीच्यांनी ती कुठं ठेवली देव जाणे. दोन-तीन तर त्याच दिवशी कॅन्टीनमध्ये वडापावखाली दिसली होती. हे एक मात्र आनंदानं खोपटच्या एसटी डेपोसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं, आणि घरी नेण्याआधी मला दाखवायला आला होता. तसा तो अबोल माणूस. साताऱ्याकडचा, तिकडून येऊन खडवलीला दोन खोल्या घेऊन राहिलेला. बावीस वर्षं नोकरीत, पण स्टाफरूमच्या दाराच्या आत पाय टाकताना अजून चपला काढायचा. 'आमच्यात पहिलंच असलं शिक्षण, मॅडम,' म्हणाला. मी हसून 'छान' म्हणाले. त्या कागदाची खरी किंमत मला त्या वेळी पक्की माहीत होती, तरी म्हणाले. आमच्या पेशात असं 'छान' दिवसातून वीस वेळा म्हणावं लागतं, पुढेपुढे त्याचं काही वाटेनासं होतं.

त्या कार्यशाळेची कल्पना माझी. कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकची समिती यायची होती, फायलीत समाजोपयोगी उपक्रमांचं प्रकरण रिकामं होतं, आणि मला प्रोफेसरपदासाठी एक शोधनिबंध कमी पडत होता. विषय मीच शोधून काढला: विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे मूलभूत जीवरक्षणाविषयीचे ज्ञान आणि दृष्टिकोन. प्रशिक्षणाआधी एक प्रश्नावली भरून घ्यायची, प्रशिक्षणानंतर पुन्हा तीच भरून घ्यायची, दोन्हींतला फरक म्हणजे निष्कर्ष. कल्याणच्या एका हॉस्पिटलातला शौनक नावाचा तरुण प्रशिक्षक मिळाला. बिचारा सकाळी नवालाच पुतळा खांद्यावर घेऊन हजर झाला. पुतळा म्हणजे कमरेपर्यंतच, हातपाय नसलेला, रबरी तोंडाचा. एकच होता. शौनकनं मला फोनवर दहादा बजावलं होतं, मॅडम, प्रत्येकाला हात लावायला मिळाला पाहिजे, नाहीतर काही उपयोग नाही, तीस-तीसच्या बॅचेस करा. मी हो हो म्हटलं होतं. प्रत्यक्षात एकशे शहाऐंशी जण सभागृहात एकदम बसवले, कारण सभागृह एकाच दिवशी मोकळं होतं. मग दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, मग माझं प्रास्ताविक, मग प्राचार्यांचं भाषण. ते सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत जाऊन आलं. ऑफिसातल्या कुणीतरी दसऱ्याला कॉम्प्युटरला वाहतात तसं त्या पुतळ्यालाही हळदकुंकू वाहिलं होतं, छातीच्या मधोमध, बोटानं ठसठशीत. नवीन यंत्र आलं की आमच्याकडे असंच करतात. शौनकच्या वाट्याला शेवटची अठरा मिनिटं आली.

त्या अठरातली चार फोटोत गेली. पहिला मान प्राचार्यांचा. शौनकनं त्यांना पुतळ्याशेजारी गुडघ्यांवर बसवलं, हात कुठं ठेवायचे ते दाखवलं. पण मधोमध हात ठेवले की बॅनरवरचं कॉलेजचं नाव त्यांच्या डोक्याआड जायचं, आणि ते कुंकूही बोटांना लागत होतं. फोटोग्राफर म्हणाला, सर, जरा इकडे सरका, वर बघा. सर सरकले. हात पुतळ्याच्या डाव्या बाजूला आले, जिथं लहान मुलं हृदयाचं चित्र काढतात तिथं, कोपरं वाकलेली, चेहरा कॅमेऱ्याकडे. शौनक अर्धवट वाकून 'सर, थोडं मध्ये' म्हणाला, पण टाळ्या वाजायला लागल्या होत्या. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होते. त्याच फोटोचा पुढे सहा फुटी फ्लेक्स झाला आणि दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये लागला. मजकूर मी लिहिला होता: 'तुमचे दोन हात, कुणाचे तरी प्राण'. लावायच्या दिवशी मला कळत होतं, हात चुकीच्या जागी आहेत. एक फोन केला असता तर फोटो बदलता आला असता. पण प्राचार्यांचा फोटो काढून पुतळ्याचा लावा असं कोण म्हणणार? आणि पोरं फ्लेक्स वाचतात कुठं, असंही वाटलं. मला अजूनही सगळ्यात जास्त चीड येते ती त्या वाटण्याची. एकीनं वाचला होता.

नंतरची प्रश्नावली भरताना पोरांना घाई होती, साडेबाराचं लेक्चर होतं. किती खोल दाबायचं, मिनिटाला किती वेळा, श्वास घोरल्यासारखा येत असेल तर काय समजायचं, हे सगळं शौनकनं पळत पळत सांगितलेलं कुणाच्या डोक्यात राहिलं नव्हतं. मग मी माइक घेतला आणि 'ज्यांना ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी' उत्तरं पुन्हा वाचून दाखवली. पोरांनी खुणा केल्या. ज्ञान एकतीस टक्क्यांवरून अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर गेलं. दृष्टिकोन तर आधीच उत्तम होता: 'अनोळखी व्यक्तीला गरज पडल्यास जीवरक्षण द्याल का?' याला ब्याण्णव टक्के होय. पोरं खोटं लिहीत नव्हती. कॉलेजातल्या पंख्याखाली बसून विचारलं तर कोण नाही म्हणेल? मीही नमुना म्हणून एक फॉर्म भरला होता, आणि होय म्हटलं होतं. निबंध डिसेंबरात छापून आला. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं, दोनदा मोठ्यानं वाचलं होतं: 'योग्य प्रशिक्षण मिळाल्यास आजचा विद्यार्थी निष्क्रिय प्रेक्षक राहणार नाही.'

आणि जानेवारीतला तो मंगळवार. अंतर्गत परीक्षा चालू होती, लिफ्ट बंद होती. आनंदा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आला. गठ्ठे त्यानं आधी खिडकीच्या कट्ट्यावर नीट ठेवले, एकावर एक, कडा जुळवून. मग भिंतीला टेकून खाली बसला. मग कलंडला. हे मला पोरांनी नंतर सांगितलं, कारण बघणाऱ्यांना वाटलं मामा दमून बसले. मी गलका ऐकून बाहेर आले तेव्हा चाळीसएक जणांचं रिंगण झालं होतं. त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. मधूनच एक घोरल्यासारखा श्वास यायचा आणि मग बराच वेळ काहीच नाही. कुणीतरी म्हणालं, घोरतायत, म्हणजे श्वास चालू आहे. प्रश्न क्रमांक सहा. तसला श्वास म्हणजे श्वास नव्हेच, ताबडतोब दाबायला सुरुवात करायची, हे बरोबर उत्तर मीच माइकवरून वाचलं होतं. आणि आता मी तिथं उभी राहून 'ॲम्ब्युलन्सला फोन करा' एवढंच म्हणत होते, तेही तीन वेळा, आधीच तीन पोरांनी फोन लावलेले असताना.

अक्षदा परीक्षेच्या वर्गातून धावत आली. कॉलेजच्या आवारात तिनं त्याला कधी पप्पा म्हटलं नव्हतं. नियम तिचा नव्हता, त्याचा होता. पोरीला शिपायाची पोरगी म्हणून कुणी ओळखू नये अशी त्याची इच्छा होती. सवलतीच्या अर्जावर सही करायची म्हणून मला ठाऊक, बाकी कुणाला नाही. त्या दिवशी ती 'पप्पा' म्हणून ओरडली आणि तीन वर्षं शेजारी बसणाऱ्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. ती खाली बसली. वर भिंतीकडे तिनं एकदाच पाहिलं, फ्लेक्सकडे. आणि हात ठेवले. डाव्या बाजूला. कोपरं वाकवून. प्राचार्यांचे हात जिथं होते, तंतोतंत तिथं. ती दाबायला लागली.

मधोमध, अक्षदा, छातीच्या मधोमध. एवढेच शब्द होते. ते माझ्या तोंडात तयार होते. घशात अडकले वगैरे काही झालं नाही, मी ते अडवले. कारण त्या फ्लेक्सखाली उभं राहून, चाळीस प्रमाणपत्रधारकांसमोर, फ्लेक्सवरचे हात चुकीचे आहेत असं म्हणणं म्हणजे पुढचं सगळंच म्हणणं होतं. कार्यशाळा खोटी, अठ्ठ्याऐंशी टक्के खोटे, निबंध खोटा, मी खोटी. एवढा सगळा हिशोब मी एका माणसाचा जीव जात असताना उभ्या उभ्या केला, आणि त्याला एक सेकंदही लागला नाही. मेंदू अशा वेळी काम करत नाही म्हणतात, माझा उत्तम करत होता. मी म्हणत होते, 'कर, कर, थांबू नकोस.' मग प्राचार्य आले. 'बाजूला व्हा, हवा येऊ द्या,' म्हणाले. दोन शिपायांनी अक्षदाला दंडांना धरून उठवलं. त्यानंतर कुणी दाबलंच नाही. कॅन्टीनमधून कांदा फोडून आणला, नाकाशी धरला. तोंडावर पाणी मारलं. एकानं तळवे चोळले. ॲम्ब्युलन्स नाक्यावर अडकली होती, ती सव्विसाव्या मिनिटाला आली. फ्लेक्स मी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन स्वतः काढला. तेवढी तत्परता होती माझ्यात.

शौनकला मी आठवड्यानं फोन केला होता. समजा हात डावीकडे असतील आणि ॲम्ब्युलन्स सव्विसाव्या मिनिटाला आली तर, असं एक उदाहरण म्हणून विचारलं. तो म्हणाला, डावीकडे दाबून रक्त नीट पुढे जात नाही, मॅडम, पण सव्वीस मिनिटं म्हणजे एरवीही कठीणच, काही खात्रीनं सांगता येत नाही. का विचारताय, असं त्यानं विचारलं नाही. मला ते 'काही सांगता येत नाही' फार हवं होतं. मी ते पुढचे दोन आठवडे जपून वापरलं. आमच्या डोंबिवलीच्या घरी रवींद्र, माझे यजमान, तर पहिल्याच संध्याकाळी निकाल देऊन मोकळे झाले होते. 'तू काय डॉक्टर आहेस?' एवढं बोलून त्यांनी बातम्या लावल्या. त्यात काही वाईट हेतू नव्हता. आमच्या इमारतीत, आमच्या नात्यात, कुणाहीबद्दल हे वाक्य लागू पडतं आणि माणसाला शांत झोप लागते. मलाही लागली, हे सांगायला हवं.

पण गुरुवारी ते प्लास्टिक हातात आलं आणि झोप गेली. शुक्रवारी मोकळ्या तासाला मी जुन्या फॉर्मांचं खोकं काढलं आणि एक कोरा फॉर्म घेऊन बसले. प्रश्न क्रमांक चौदा: 'जीवरक्षण देण्यास न धजावण्याची कारणे, एकापेक्षा अधिक पर्याय निवडता येतील.' चूक होण्याची भीती. नाही, चूक काय आहे ते मला माहीत होतं. पोलिसांचा ससेमिरा. नाही. संसर्ग. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून फेस आला होता आणि मला किळस वाटली होती; खूण केली. दुसरे कोणीतरी करत आहे. खूण केली. शेवटी 'इतर' आणि पुढे टिंबं टिंबं. ऑगस्टमध्ये पोरांनी तिथं कायकाय लिहिलं होतं: लेडीज असेल तर, दारू प्यायलेला असेल तर. त्यांचं मी निबंधात वर्गीकरण केलं होतं, सामाजिक संकोच म्हणून. माझ्या टिंबांवर मला काही लिहिता येईना. तो शिपाई होता म्हणून? त्याच्या जागी प्राचार्य पडले असते तर मी खाली बसले असते का? याचं उत्तर मला लगेच आलं, आणि त्याला वर्ग नव्हता.

मला छळत होतं ते वेगळंच. पोरीनं प्रमाणपत्र परत दिलं म्हणजे तिला कळलं असणार, किंवा कळलं नसेल तरी संशय असणार, की आपण चुकीचं केलं. म्हणजे ती खडवलीच्या त्या दोन खोल्यांत स्वतःला बापाला न वाचवू शकलेली समजून बसली असणार. एकविसाव्या वर्षी. जन्मभर तिला ते पुरेल. आणि तिला त्यातून सोडवू शकेल असं एकच माणूस जगात आहे, ती मी. फक्त त्यासाठी मला तोंड उघडावं लागेल. उघडलं की ती प्राचार्यांकडे जाऊ शकते, समितीकडे जाऊ शकते. निबंध मागे घ्यावा लागेल, प्रोफेसरपद राहिलंच, सोळा वर्षं मिळवलेलं नाव जाईल. हे सगळं मी शनिवारभर तराजूत घातलं. माझ्या आयुष्यातला पहिला खराखुरा नैतिक प्रसंग, असं मला वाटत होतं, आणि थोडंसं बरंही वाटत होतं. आता लिहिताना त्या बरं वाटण्याची किळस येते, पण ते होतं.

रविवारी दुपारी मी खडवलीला गेले. घरी म्हटलं, विद्यार्थिनीकडे सांत्वनाला जाते. 'बरं दिसेल,' रवींद्र म्हणाले. रस्ताभर वाक्यं पाठ करत होते, लेक्चर घोकावं तसं. भातसा नदीवर डुंबायला आलेल्या लोकांच्या गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या, ओल्या केसांची माणसं चिवडा खात हिंडत होती. पत्ता सवलतीच्या अर्जावरून मला पाठ होता. पत्र्याच्या पडवीचं घर, बाहेर पिंपात पाणी भरून ठेवलेलं. आनंदाची बायको मालन उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला कधी पाहिलं नव्हतं, तरी नाव सांगताच सूप बाजूला ठेवून उठली, खुर्ची पुसली, लेकीला चहा ठेवायला सांगितला. रडणं तिचं संपलेलं दिसत होतं. ती आनंदाबद्दल बोलली, तो कॉलेजातलं काय काय येऊन सांगायचा ते बोलली. माझं नाव तो नीरजा मॅडम असं पूर्ण घ्यायचा म्हणे. मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली:

'तुमी शिकीवलं म्हणून पोरीनं बापाला हात तरी लावला, मॅडम. न्हायतर उभी राहून बघितलं आसतं, बाकीच्यावानी. तुमचं लई उपकार हायेत.'

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. अक्षदा चहाचा कप घेऊन आतल्या दारात उभी होती आणि आईकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी चहा प्याले. माझ्या पाठ केलेल्या वाक्यांतलं एकही त्या खोलीत बाहेर आलं नाही. अर्ध्या तासानं निघाले तेव्हा मालननं लेकीला सांगितलं, मॅडमना रिक्षापर्यंत सोडून ये.

आम्ही दोघी रस्त्याला लागलो. दोन वळणं मागे पडली. मग मी एकदम सुरुवात केली, थांबले तर पुन्हा जमणार नाही म्हणून. 'अक्षदा, त्या दिवशी तुझे हात चुकीच्या जागी होते. तू फ्लेक्सवर बघितलंस तसे ठेवलेस. फ्लेक्स चुकीचा होता, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्यापैकी कुणालाच त्या पुतळ्याला हात लावायला मिळाला नव्हता, प्रमाणपत्रं मी अशीच वाटली. चूक माझी आहे. तुझी नाही.' मला वाटलं ती रडेल, किंवा थांबेल, किंवा मला काहीतरी लागेल असं बोलेल. मी तिन्हींसाठी तयार होते.

ती चालतच राहिली. 'ते माहितीय मला,' म्हणाली. 'पप्पांच्या दहाव्याच्या आधीच मी व्हिडिओ बघितलेले. सात-आठ बघितले. मधोमध दाबायचं असतं. फोटो सरांचा होता म्हणून तसा होता, ते पण कळलं.' एवढं सहज, जणू परीक्षेतल्या चुकलेल्या गणिताबद्दल बोलतेय. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि लगेच मला कळलं, की आपण तिला सोडवायला नव्हे, स्वतः सुटायला आलो होतो. तरी तोंडातून निघालंच, की मग प्रमाणपत्र का परत दिलंस.

'त्याच्यासाठी नाही दिलं.' आता ती थांबली. समोरून एक गाडी आली, तिला जागा द्यायला आम्ही कडेला झालो. 'दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, मॅडम. प्रत्येक व्हिडिओत सांगतात. एकट्याला जमतच नाही, दाब कमी होत जातो, म्हणून. मी नऊ मिनिटं करत होते. माझे हात गळालेले. चाळीस जण होते तिथं, सगळ्यांना सर्टिफिकेट दिलेलं तुम्ही. मी दोनदा मान वर करून तुमच्याकडे बघितलं.'

बघितलं होतं. ते मला आठवत होतं. बरोबर आहे ना, असं ती विचारतेय, असं मी त्या क्षणी धरून चालले होते, आणि साडेतीन आठवडे त्याच प्रश्नाचं उत्तर देत बसले होते, घरी, स्टाफरूममध्ये, फॉर्मवर. ती तो प्रश्न विचारतच नव्हती. ती जागा देत होती.

'तुम्ही मला शाब्बास म्हणालात,' अक्षदा म्हणाली.

म्हणाले होते. थांबू नकोस, शाब्बास. 'कर, कर' एवढंच मी स्वतःला आजवर सांगत आले, पण शब्द तोही होता. वर्गात फळ्यावरचं उत्तर बरोबर आलं की म्हणतो त्याच आवाजातला. ती माझ्या उत्तरासाठी थांबली नाही. 'तुम्ही का नाही बसलात?' तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. मी एवढी कबुली देऊन बसले होते, आता उरलेलं खरं सांगायला काही कठीण नव्हतं. किळस आली होती, लाज वाटत होती, तू करत होतीस म्हणून मला करायचं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं असतं. मी म्हणाले, 'अगं, माझे गुडघे. मला खाली बसताच येत नाही गं.'

हे कुठून आलं मला ठाऊक नाही. आधी मनात नव्हतं. बोलून झाल्यावर मी साडीवरून उगाच उजव्या गुडघ्यावर हातही फिरवला.

अक्षदानं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'बसून दाखवा,' म्हणाली.

'इथं?'

'हो. मला बघायचंय.'

रस्त्यावर माणसं होती. टॉवेल खांद्यावर टाकलेले दोन बाप्ये, पोराला कडेवर घेतलेली एक बाई, आइस्क्रीमची गाडी. मी नाही म्हणू शकले असते. मी तिची शिक्षिका होते, बापाच्या वयाहून मोठी होते, आणि रिक्षा समोर उभी होती. मी पर्स खांद्यावर नीट केली आणि खाली बसले, दोन्ही गुडघे टेकून, धुळीत. कुठेही कळ आली नाही. इतकी सहज बसले, की हातही टेकावा लागला नाही. ती बाई पोरासकट थांबली आणि काकू, चक्कर आली का, पाणी देऊ का, असं विचारायला लागली. मी मान हलवली. अक्षदा अगदी समोर उभी होती, आणि तिला जे बघायचं होतं ते तिनं पूर्ण बघून घेतलं.

'बसता येतं तुम्हाला,' ती म्हणाली, आणि घराकडे परत फिरली.